कुत्र्याच्या घराचं माप

पोस्ट मोठी आहे. आत्ता घाईत असाल तर रात्री जेवण झाल्यावर वाचा.

परवा आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सेक्रेटरींचा मेसेज आला, मला उद्देशून. "पत्रकार, तुम्ही गावच्या घरी कुत्र्यासाठी मस्त चिऱ्याचं घर बांधलं होतंत ना? फेसबुकला फोटो टाकला होतात. तो जरा इथे टाका आणि मापं पण द्या. पार्किंगमध्ये तशी दोन बांधून घेऊ म्हणतोय. रविवारी मिटिंगला ठरवून टाकू."

आमच्या इमारतीत चोवीस फ्लॅट आहेत आणि कुत्री दोन. दुसऱ्या मजल्यावर एका निवृत्त जोडप्याचा म्हातारा लॅब्रेडॉर, तिसऱ्या मजल्यावर नोकरी करणाऱ्या नवरा-बायकोचा हस्की. लॅब्रेडॉरचा फारसा त्रास कोणाला नाही, जिन्यात केस पडतात एवढंच. हस्की मात्र दुपारचा रडतो. भुंकत नाही, रडतो, गळा काढून. दोघं सकाळी नऊला बाहेर पडतात ते संध्याकाळी सातला येतात. यावरून ग्रुपवर दोन तट पडलेत. एकाचं म्हणणं, कुत्रा हे घराबाहेरचं जनावर, त्याची जागा खाली. दुसऱ्याचं म्हणणं, तो आमच्या मुलासारखा आहे, तुम्ही तुमची मुलं पार्किंगमध्ये ठेवता का? त्यातून तडजोड म्हणून हे केनेल निघालं आणि केनेलवरून माझं नाव.

मी ग्रुपवर "बघतो" एवढंच टाकलं.

फोटो माझ्याच प्रोफाइलवर आहे. २०१९ ची दिवाळी. नवंकोरं चिऱ्याचं घर, वर पत्रा, दारात पणती आणि पुढे बसलेला आमचा बांगडा. ३१२ लाइक आले होते. काहींनी "साहेब, आम्हाला पण असं बांधायचंय" अशा कमेंट केल्या होत्या. त्यातल्या दोघा-तिघांनी बांधलं असणार. त्या घराचं आणि बांगड्याचं पुढे काय झालं हे मात्र मी इथे कधी लिहिलं नाही. पत्रकार माणूस, जगाच्या बातम्या देतो, स्वतःची दाबतो. असो.

बाबा २०१८ ला गेले. दादा विरारला, मी इथे रत्नागिरीत आणि आई पालीच्या अलीकडे वाडीत एकटी. इकडे ये म्हटलं तर म्हणते, "तुझ्या त्या ब्लॉकात माझा जीव गुदमरतो." घर जुनं आहे. चिऱ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं. पुढे खळं, मग पडवी, मग ओटी, मग माजघर. मागचा गोठा आहे, पण आता त्यात गुरं नाहीत, लाकडं आहेत. शेजारची दोन्ही घरं मुंबईकरांची, गणपती आणि मे महिना सोडला तर कायम कुलूप. आईला सोबत हवी म्हणून मी मिरकरवाडा बंदरावरून एक पिल्लू उचलून आणलं. जाळ्यांच्या ढिगात झोपलं होतं, अंगाला मासळीचा वास. माझ्या लेकीने त्याचं नाव ठेवलं बांगडा.

आईने पहिल्याच दिवशी सांगितलं, "खळ्यात राहूदे. पडवी चढायची न्हाय."

यात दुष्टपणा काही नव्हता. भाकरीचा पहिला तुकडा ती त्यालाच टाकायची. मासळीची डोकी त्याच्या भातात जायची. पण घरात देव, वर्षाचा गणपती, शिवाशिव. कुत्र्याची जागा खळ्यात, हे तिला तिच्या सासूने शिकवलं, सासूला तिच्या सासूने. आपल्याकडे श्राद्धाला कावळ्यासारखा कुत्र्याचाही घास काढतात, दत्ताच्या पायाशी चार कुत्री उभी असतात, नामदेव महाराज भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले, धर्मराज कुत्र्याला सोडून स्वर्गात जायला तयार झाला नाही. एवढं सगळं आपण कीर्तनात मान डोलावत ऐकतो आणि घरी आल्यावर कुत्रा पायरीवर दिसला तर हाड म्हणतो.

कोकणातल्या घराची बांधणीच तशी. कोणी खळ्यात उभं राहायचं, कोणी पडवीत टेकायचं, कोणाला ओटीवर पाट मिळायचा, हे या घरांनी माणसांच्या बाबतीतही पिढ्यान्‌पिढ्या ठरवलं. पतित पावन मंदिर १९३१ ला याच गावात उभं करावं लागलं ते उगाच नाही. माणसाचा तो हिशोब आणि कुत्र्याचा हा हिशोब एक नाही, हे मला कळतं, कोणी अंगावर येऊ नये. उंबरठा मात्र तोच आहे.

बांगडा वर्षाचा झाला तेव्हा त्याने वरच्या घरातल्या तात्यांच्या दोन कोंबड्या मारल्या. तात्या भांडले नाहीत. आईला एवढंच म्हणाले, "वैनी, बांधून ठेवा त्याला." मी बाजारातून सहा फुटी साखळी घेतली. गवंड्याला बोलावून उरलेल्या चिऱ्यांचं घर बांधून घेतलं, वर पत्रा टाकला, पत्र्यावर दगड ठेवले. मुख्य घरापासून चाळीसेक फूट लांब, गडग्याला लागून, कारण वास नको, गोचिड्या नकोत. बाजूला चिऱ्यात लोखंडी कडी बसवली. दार पाणंदीच्या बाजूला, म्हणजे कोण येतं-जातं ते त्याला दिसेल आणि राखण होईल. मला वाटलं, फार विचारपूर्वक काम केलं.

आता त्या घराचे गुण सांगतो. दुपारी पत्रा एवढा तापायचा की बांगडा आत पाऊल टाकत नसे. फणसाच्या सावलीत जायला बघायचा, पण साखळी सावलीच्या अलीकडे दोन फूट संपायची. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो आणि अंग थंड करतो. आपल्या दमट हवेत ती युक्तीही नीट चालत नाही. पावसाची तर वेगळीच तऱ्हा. रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, त्यातला जवळपास सगळा चार महिन्यांत आणि तोही आडवा. घराला दार एकच, त्यातून झड थेट आत. आणि ज्या गोचिड्यांसाठी त्याला घरापासून लांब ठेवला, त्या गोचिड्यांना तर चिऱ्यासारखी जागा नाही. कुत्र्याची गोचीड भिंतीच्या फटीत, भोकात शिरून अंडी घालते आणि चिरा म्हणजे सगळी भोकंच. सप्टेंबरात बांगड्याला गोचिडाचा ताप आला. खाणं सोडलं, हिरड्या पांढऱ्या पडल्या. डॉक्टरांच्या इंजेक्शनांनी वाचला. बरा झाल्यावर मी त्याला परत तिथेच बांधला.

त्या जागी मातीत एक गोल पडला होता, साखळीच्या लांबीएवढा. त्या गोलात गवताची काडी उगवत नव्हती आणि त्याच्या बाहेर गुडघाभर गवत. मी शनिवार-रविवार जायचो, तो गोल बघायचो, आणि मला त्यात काही वाटत नव्हतं.

आता माझ्या धंद्याबद्दल. बिबट्याने कुत्रा नेला ही बातमी आमच्याकडे वर्षभर चालू असते. बिबट्या विहिरीत पडला, ही दुसरी. कठडा नसलेल्या विहिरी, कुत्र्या-मांजराच्या मागे लागलेला बिबट्या, मग वनखात्याची माणसं, पिंजरा सोडून त्याला वर काढणं, बघ्यांची गर्दी, मोबाइल. विहिरीच्या बातमीला फोटो लागतो. कुत्र्याच्या बातमीला तीन ओळी. खरं सांगायचं तर माझ्याकडे त्या तीन ओळी तयारच असायच्या, गावाचं नाव तेवढं बदलायचं. "परिसरात भीतीचे वातावरण असून बंदोबस्ताची मागणी होत आहे." पत्रकारितेच्या डिप्लोमाला शिकवलेलं बातमीचं शरीर वगैरे तिथे काही लागत नाही.

जानेवारी २०२०. थंडी होती. आईचा फोन सकाळी सहाला आला. आई सहाला कधी फोन करत नाही.

पोचलो तेव्हा ती पडवीत बसलेली. गडग्याजवळ साखळी सरळ ताणलेली पडली होती, टोकाला पट्टा, पट्ट्याचं बक्कल लावलेलंच. म्हणजे साखळी तुटली नव्हती, पट्टाही सुटला नव्हता. त्यातून त्याला ओढून काढला होता. पाणंदीच्या धुळीत ओढल्याची खूण आणि मोठे पंजे. केनेलच्या आत, कोबा केलेल्या जमिनीवर, पार मागच्या भिंतीपर्यंत नखांचे ओरखडे होते. तो आत शिरला होता. आत शिरल्यावर पुढे जायला जागा नव्हती, कारण मी दार एकच ठेवलं होतं.

वनखात्याचा माणूस दहाला आला. चांगला होता, पंजे बघितले, गडगा बघितला. म्हणाला, "साहेब, गाय-शेळी असती तर पंचनामा करून नुकसानभरपाईचं बघितलं असतं. कुत्र्याचं काय होत नाही. आणि एक सांगू का, राग नका मानू. बाहेर बांधलेला कुत्रा म्हणजे त्याला ताट वाढून ठेवल्यासारखं." मी राग मानला नाही. मी बातमीही दिली नाही.

आई दोन दिवस काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मी निघताना म्हणाली, "आधी भुकला. मग गप झाला. मग साखळी वाजली. मग त्यानं मला हाक मारलीन." मी म्हटलं, आई, कुत्रा कुठे हाक मारतो. ती म्हणाली, "मारलीन. मी बत्ती लावली, कडीला हात घातला. पण दार उघडलं न्हाय. वाघरू हाय ते मला ठाऊक होतं."

एकटी, सत्तरीची बाई. दार उघडलं नाही हेच बरोबर केलं. हे मी तिला पन्नास वेळा सांगितलं असेल.

त्यानंतर मी जरा वाचायला लागलो, जे आधी करायला हवं होतं. विद्या अत्रेया या आपल्या महाराष्ट्रातल्या बिबट्यांवर वर्षानुवर्षं काम करणाऱ्या संशोधक. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यात, उसाच्या आणि वस्तीच्या भागात, बिबट्यांच्या विष्ठेवरून त्यांचं खाणं तपासलं. वजनाच्या हिशोबाने त्या बिबट्यांचं ८७ टक्के खाणं पाळीव प्राण्यांचं निघालं आणि त्यात एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के. शेळ्या ११ टक्के. तिथे शेळ्या कुत्र्यांच्या सातपट आहेत, तरीही. कारण शोधायला लांब जायला नको. शेळी रात्री गोठ्यात, दार लावून. कुत्रा बाहेर, राखणीला. आपण शेळीची किंमत करतो म्हणून ती आत असते.

हा अभ्यास कोकणातला नाही, आपल्याकडे ऊस नाही, जंगल वेगळं. पण माझ्या तीन ओळींच्या बातम्या मी नंतर एकत्र काढून वाचल्या. जवळजवळ प्रत्येकीत एक शब्द होता: अंगणात "बांधलेला". मीच लिहिलेला शब्द आणि मला कधी दिसला नव्हता.

राखणीचं म्हणाल तर सहा फुटी साखळीला बांधलेला कुत्रा सहा फूट राखतो. बाकी तो फक्त ओरडतो, आणि ओरडायचं काम पडवीत झोपलेला कुत्राही तेवढंच करतो. त्याच्या कानाला भिंत आड येत नाही. उलट आपण भिंतीआड असल्यावर तो जास्त जोरात भुंकतो, हे ज्यांनी पाळलंय त्यांना माहीत आहे.

२०२५ च्या शेवटी शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडचे फोटो तुम्ही पाहिले असतील. बिबट्याच्या हल्ल्यात माणसं गेली म्हणून तिथल्या बायका गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जात होत्या. त्या फोटोखाली आपल्याकडच्या लोकांनी खूप हळहळ व्यक्त केली. आपल्याकडे बिबट्या अजून माणसावर तसा उठलेला नाही. पण हायवेच्या कडेला चिकनच्या दुकानांची घाण टाकायची, त्यावर भटकी कुत्री पोसायची, रात्री पाळलेली कुत्रीही बाहेर ठेवायची आणि मग बिबट्या वस्तीत येतो म्हणून निवेदन द्यायचं, हा उद्योग आपण किती दिवस करणार आहोत? ग्रामपंचायतींना हे विचारायला हवं. मी एकदा विचारलं होतं, उत्तर आलं "ठराव घेऊ".

रायगडावरच्या वाघ्याच्या पुतळ्यावरून २०१२ ला आणि परत २०२५ ला केवढं रण माजलं. वाघ्या होता की नव्हता, यावर मी स्वतः बातम्या केल्या आहेत. घरामागे बांधलेला वाघ्या आहे की गेला, यावर एकही नाही.

आता कायद्याचं, कारण ग्रुपवर दोघा-तिघांनी कायदा काढला आहे. एक, सोसायटीला बहुमताने कुत्रे पाळण्यावर बंदी घालता येत नाही, हे भारतीय पशु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे. तो विषय संपला. दोन, प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा आहे. त्याच्या कलम ११ मध्ये जनावराला अवाजवी आखूड किंवा जड साखळीने अवाजवी वेळ बांधून ठेवणं हा गुन्हा धरलाय. त्याच्या पुढचं पोटकलम तर खास कुत्र्याचं आहे. कायम साखळीला किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला मालकाने पुरेसं फिरवलं नाही, तर तोही गुन्हा. शिक्षा वाचा: पहिल्या गुन्ह्याला दंड कमीत कमी दहा रुपये, जास्तीत जास्त पन्नास. १९६० ला पन्नास रुपये ही रक्कम असेल. आज मारुती मंदिरला पन्नास रुपयांत धड नाश्ता होत नाही. जर्मनीत कुत्रा बांधून ठेवण्यावरच मनाई आहे, कामाच्या कुत्र्यांना थोडी सवलत सोडली तर. आपल्याकडे साखळी दंडापेक्षा महाग येते. बांगड्याची मी एकशे ऐंशी रुपयांना घेतली होती.

ते पोटकलम नीट वाचलं की एक गोष्ट लक्षात येते. "साखळीला किंवा कोंडून". म्हणजे आमच्या तिसऱ्या मजल्यावरचा हस्कीही त्यात येतो.

मी गेल्या आठवड्यात त्यांच्याकडे गेलो होतो. माणसं चांगली आहेत. एसी त्याच्यासाठी दिवसभर चालू ठेवतात, बिल मला दाखवलं. त्याचं खाणं माझ्या खाण्यापेक्षा महाग. पण दहा तास तो एकटा. नखं वाढलेली, गुळगुळीत लाद्यांवर पाय घसरतात. बाल्कनीच्या ग्रीलला नाक लावून लावून तिथला रंग गेलाय. बर्फात गाडी ओढायला तयार केलेलं हे जनावर, आणि आपण त्याला नाचण्याच्या रस्त्याकडे बघत बसवलंय. ती मुलगी मला म्हणाली, "काका, आम्ही त्याला घरातच ठेवतो, बाहेर नाही बांधत." मी काय बोलणार? मला तो मातीतला गोल आठवला. इथे लादीवर उमटत नाही एवढंच.

म्हणून घरात ठेवला म्हणजे झालं, असं मी म्हणणार नाही. आणि बाहेर ठेवला म्हणजे पापच, असंही नाही. हापूसच्या बागांमधून कुत्री बाहेरच असतात, वानरांच्या मागे दिवसभर पळतात, गड्याच्या झोपडीत त्याच्या शेजारी झोपतात. त्यांच्याइतकी तब्येतीने चांगली कुत्री मी शहरात पाहिलेली नाहीत. त्यांचे हाल सुरू होतात ते हंगाम संपल्यावर. पाऊस जवळ आला की नेपाळी गडी गावी जातो, बाग कुलूपबंद होते आणि कुत्रा फाटकाशी बसून राहतो. ऑक्टोबरपर्यंत. मालकाला विचारलं तर म्हणतो, "तो गड्याचा." हा वेगळा विषय आहे, त्यावर कधीतरी स्वतंत्र लिहीन.

आईकडे दुसरं कुत्रं आलं ते तिच्याच सांगण्यावरून. २०२१ च्या मार्चमध्ये म्हणाली, "एक पिल्लू बघ. पण बांधायचं न्हाय." चिंगी आली. मी आधी पडवीला जाळी बसवून घेतली, खालपासून वरपर्यंत. दिवसभर चिंगी मोकळी, तात्यांच्या कोंबड्या आता कुंपणात. त्या कुंपणाचे पैसे मी दिले, साखळीपेक्षा जास्त गेले. दिवे लागले की चिंगी पडवीत, जाळी बंद. पडवीपर्यंत आली होती, त्याच्या पुढे नाही.

१६ मे ला तौक्ते वादळ आलं. वाडीत दुपारपासून लाइट नव्हती. माझा फोन लागत नव्हता. दुसऱ्या दिवशी झाडं तोडत तोडत पोचलो, तर पडवीची निम्मी कौलं खाली, जाळी वाकलेली. केनेलचा पत्रा जागेवर नव्हता. तो आठ दिवसांनी दोन शेतं पलीकडे सापडला, घडी घातल्यासारखा. मी चिंगी-चिंगी करत आत गेलो. ती माजघरात होती, आईच्या कॉटखाली, गोणपाटावर. शेजारी पाण्याचं भांडं. आईचं जुनं लुगडं घातलेलं.

मी काही बोललो नाही. आईच म्हणाली, "जल्ली मेली, थरथरत होती. काय करनार?"

तेव्हापासून ती रात्री माजघरात असते. देवघराकडे आणि चुलीकडे जायचं नाही, हे आईने तिला कसं शिकवलं देव जाणे, पण ती जात नाही. गणपतीचे पाच दिवस पडवीत. पावसाळ्यात ओली आली की आई आधी तिचे पाय पुसते, मग शिव्या देते. महिन्याला गोचिडीचं औषध, वर्षाला रेबीजची आणि लेप्टोची लस, हे मी बघतो. घरात केस होतात, वास येतो, चटई कुरतडली. शेजारच्या मुंबईकर काकींनी गेल्या गणपतीत विचारलंच, "वैनी, कुत्रा घरात? तुम्ही?" आईने त्यांना चहा दिला. उत्तर दिलं नाही.

डिसेंबरात रात्री दोनला आईचा फोन आला. मी घाबरून उठलो. ती कुजबुजत होती, "गडग्यावर आलाय. चिंगी भुकतेय, ऐक." मागून चिंगीचा आवाज येत होता, छाती फोडून भुंकत होती. मग आई फोन तसाच ठेवून तिला म्हणाली, "आत हायस ना? मग गप. मी हाय." दहा मिनिटं मी तसाच फोन धरून बसलो. मग दोघी झोपल्या असाव्यात, कारण फोन आईने बंद केलाच नव्हता आणि मला घोरणं ऐकू आलं. कोणाचं ते सांगता येत नाही.

सेक्रेटरी साहेब, रविवारी मी मिटिंगला येणार आहे. हस्कीला दुपारी बाहेर काढायला इमारतीतलं कोणी तयार आहे का, एवढं एक विचारणार आहे. मी स्वतः आठवड्यातले तीन दिवस दुपारी मोकळा असतो, माझं नाव लिहून घ्या. लॅब्रेडॉरच्या केसांसाठी जिना आठवड्यातून दोनदा जास्त झाडून घेऊ, त्याचे पैसे ते काका द्यायला तयार आहेत, मी विचारलं. पार्किंगमधल्या बांधकामाला माझा विरोध नोंदवा.

फोटो टाकत नाही. त्या घराला आता पत्रा नाही, आईने आत अळू लावलंय. पण मापं मागितलीत म्हणून देतो. लांबी चार फूट, रुंदी तीन, उंची तीन. दार एक. साखळी सहा फूट.